ती गाडी इकडे येत नाही

ताई, तू गेल्यापासून गाडी उजवीकडे ओढते.

आधी वाटलं, चाकात हवा कमी असेल. पंपावर थांबून भरून घेतली. मग वाटलं, रस्त्याचाच उतार असेल. आपल्या गावात एक रस्ता खणून झाला की दुसरा खणायला घेतात, तेव्हा गाडीला तरी किती दोष द्यायचा. पण घरापासून जयेंद्रगंजपर्यंतचा प्रत्येक खड्डा मला तोंडपाठ आहे. त्या रस्त्यावरही ती हट्टानं उजवीकडे सरकते आणि मी तिला ओढून परत डावीकडे आणते. जयेंद्रगंजला कशाला गेले होते, म्हणशील. तुझ्या विमा ऑफिसातून बोलावणं आलं होतं, तुझं कपाट रिकामं करायला. त्यात एक शाल, चहाचा कप आणि माझे हरवलेले डबे निघाले. मी नाही नेले म्हणून शपथा घेत होतीस ना, तेच डबे.

स्कूटर सुरू करून मी अजून थांबते. इतक्या वर्षांची सवय एकदम कशी जाणार? तू आधी मागे टेकायचीस, मग पोलिओच्या पायाला लावलेला लोखंडी कॅलिपर दोन्ही हातांनी उचलून फूटरेस्टवर ठेवायचीस, साडी गोळा करायचीस, आणि सगळं मनासारखं झालं की माझ्या खांद्यावर थोपटायचीस. त्याशिवाय निघायचं नाही, हा तुझा कायदा. परवा फाटकाशी गाडी चालू ठेवून मी त्या थोपटण्याची वाट बघत बसले होते. किती वेळ, कोण जाणे. शेवटी खालच्या कुशवाह भाभी बाहेर आल्या आणि दीदी, ऊपर कुछ रह गया क्या, म्हणाल्या. मी म्हटलं, हां, चाबी. चावी गाडीलाच होती आणि गाडी धडधडत होती. त्यांनी ते पाहिलं आणि फाटक उघडून धरलं.

पाटणकर बाजारात जायचं तर मी टाळतच होते. तू उतरायची नाहीस. दर दुकानाशी कॅलिपर घेऊन चढउतार करण्यापेक्षा तू अख्ख्या बाजारालाच आपल्यापाशी यायची सवय लावली होतीस. मी गाडी लावायची, तू मागच्या सीटवरून हाक मारायची आणि दुकानदारांनी माल घेऊन रस्त्यावर यायचं. पोहे फार जाड आहेत, परत न्या. फॉलचा रंग साडीशी जुळत नाही, दुसरा दाखवा. मागे ई-रिक्षांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, मी लाजेनं अर्धी व्हायचे आणि तुझ्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलायची नाही. तर तेराव्याचा पसारा आवरल्यावर घरात मीठही उरलं नव्हतं म्हणून गेले. मेतकूट ठेवणारे आपले म्हातारे गुप्ताजी लांबूनच गाडी ओळखून पुडी घेऊन बाहेर आले आणि माझ्या पाठीमागे हात पुढे करून उभे राहिले. मी मान वळवली नाही. त्यांचा हात माझ्या कोपरापाशी बराच वेळ तसाच होता. मग ‘अरे’ म्हणाले, पुडी मागच्या सीटवर ठेवली आणि आत निघून गेले.

ताई, मला रडू नाही आलं, भीती वाटली. वाटलं, त्यांना तू दिसली असशील आणि मलाच दिसत नाहीस.

डाव्या आरशाचं तर विचारूच नकोस. तो तू कधी रस्त्याकडे वळवू दिला नाहीस. बोलताना समोरच्याचं तोंड दिसायला हवं, म्हणायचीस, आणि आरसा अशा कोनात फिरवून ठेवायचीस की मला त्यात तुझं कपाळ, चष्मा आणि सारखी हलणारी हनुवटी दिसायची. आता त्यात विजेच्या तारा आणि धुक्यानं भरलेलं आभाळ दिसतं. मागून ट्रक आला तरी कळायचं नाही. पण मी तो हलवलेला नाही.

लोक म्हणतात, शुभानं बहिणीचं फार केलं. तेराव्याला आलेला प्रत्येक जण हेच म्हणून गेला आणि मीही मान डोलवत ऐकून घेतलं. खरंच होतं ते, निदान मला तसं वाटत होतं. गोरखीच्या शाळेत बाबा तुला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे आणि मी दप्तरं घेऊन मागून पळायचे. पुढे बाबांना झेपेना, तेव्हा घरातली स्कूटर मी शिकले. मला आवडत होती म्हणून नव्हे, तुला कॉलेजात पोचवायला. माझं लग्न झालं तशी तू एक रिक्षावाला ठरवलास आणि तो तुला वर्षानुवर्षं ऑफिसात नेत-आणत राहिला. मग हे गेले. त्यानंतर मी घराबाहेर पडणंच सोडलं. दूध दारात येत होतं, भाजी दारात येत होती, माझी लेक केतकी शिकायला बाहेरगावी. पडदे ओढून दिवसचे दिवस बसून राहायचे. आणि एका सकाळी तू बॅग घेऊन दारात उभी. म्हणालीस, ‘माझा रिक्षावाला गावी निघून गेला. आता मला कोण सोडणार ऑफिसला? तू फालतू बसूनच तर आहेस.’

मला असा राग आला होता. नवरा जाऊन जेमतेम काही महिने झालेत आणि हिला आपल्या ऑफिसची पडलीय. पण दुसऱ्या दिवशी पावणेदहाला गाडी काढली. तुला उशीर झालेला चालत नाही, हे माहीत होतं.

मग ती गाडी आपल्या घरात आली. म्हणजे गाडी नव्हे, तिचा व्हिडिओ. केतकी तोवर इटलीत नोकरीला लागली होती, तिनं तिथल्या चौकातून पाठवला. ‘मावशी, ये देखो ना, ही बाई कशी थांबलीये.’ पुढे दोन चाकं, जवळजवळ, आणि मागे एक. सिग्नल लाल झाला, स्कूटर थांबली आणि ती बाई दोन्ही पाय वर ठेवून तशीच बसून राहिली. पाय खाली टेकवलाच नाही. सिग्नल सुटला, ती डावीकडे वळली आणि वळताना सबंध गाडी तिच्यासकट झुकली, कुठल्याही साध्या स्कूटरसारखी. तू तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिलास. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, भात लागला, तरी पाहत होतीस. आम्हां बाकीच्यांना गाडी थांबली की पाय खाली जातो हे कळतसुद्धा नाही. तुझं आयुष्यभर तिथंच अडलं होतं. गाडी थांबली की पाय टेकवायला लागतो, आणि तुझा पाय टेकवण्याजोगा नव्हता.

ग्वाल्हेरात गाडी घ्यायची ती मेळ्यात. थंडीत मेळा भरतो, तिथे गाडीवरच्या करात सूट मिळते, म्हणून इथली माणसं मोडकी स्कूटर धक्के मारत चालवतील पण दसरा-दिवाळीला नवी घेणार नाहीत. तूही मेळ्याचीच वाट पाहिलीस. मेळा लागला की मला गाडी गेटपाशी लावायला लावून, कॅलिपर वाजवत, गाड्यांच्या मांडवात एकेका स्टॉलवर जायचीस आणि मोबाईल पुढे धरायचीस. ये वाली दिखाइए. टाय घातलेली ती मुलं व्हिडिओ बघून खूश व्हायची, आपसात दाखवायची आणि मग तेच एक वाक्य. ‘मैडम, ये इंडिया में नहीं आती.’

तुझा पुढचा प्रश्न ठरलेला. क्यों नहीं आती?

काय काय उत्तरं ऐकली आपण, आठवतं? एकानं सांगितलं, आपल्याकडचे स्पीडब्रेकर पाहता ही पोटावर घासेल. दुसरा म्हणाला, इथे गिऱ्हाईक आधी विचारतं, कितना देती है, आणि ही लिटरला फारसं देत नाही. तिसऱ्यानं बाहेरून आणलेल्या तयार गाडीवर जबर कर असतो म्हणून हात वर केले. चौथ्याला वाटलं, धुराचे नियम वेगळे असतील. एकानं तर तुलाच उलटं विचारलं की ही कागदावर स्कूटर म्हणून चढवायची की ऑटो म्हणून, आणि तू घरी येईपर्यंत हसत होतीस. मी मात्र वैतागायचे. मी कुठंसं ऐकलं होतं की काही मोटरसायकली आपल्याच देशात बनतात आणि बोटीत बसून परक्या मुलखात विकायला जातात, इथे मिळत नाहीत. ते मी तुला सुनावलं. म्हटलं, घरच्या गाड्या घरी मिळत नाहीत, तू इटलीची कसली मागतेस.

असंच एकदा कुणी म्हणालं की तिकडच्या गाड्यांना साडी गार्ड नसतो, आपल्याकडे तो कायद्यानं लागतो. मागच्या चाकाशी बसवलेली ती जाळी, मागे बसणारीचा पदर अडकू नये म्हणून. तू त्या मुलाकडे चष्म्यावरून पाहिलंस. म्हणालीस, ‘मतलब कानून को पीछे बैठी औरत की साड़ी दिखती है. आगे बैठी औरत नहीं दिखती.’ त्या बिचाऱ्यानं मैडमसाठी चहा मागवला. दुसरं काय करणार?

आपलं खरं भांडण वेगळंच होतं. आपल्या गाडीचे मेकॅनिक सलीमभाई साध्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावून देतात. पायानं अधू असलेली कितीतरी माणसं तशी गाडी चालवतात, गाव भरून आहेत. मी दरवर्षी म्हणायचे, ती घे. तू म्हणायचीस, नको. का नको? तर ती झुकत नाही. वळणावर माणसाला बाहेर फेकल्यासारखं होतं, बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं. मी म्हणायचे, तू बसून पाहिलीस का कधी? तू म्हणायचीस, बघायला काय लागतं, कळतं. मग मी चिडायचे. डोक्यावर मिरे वाटतेस, म्हणायचे. येणार नाही ती गाडी हवी आणि दारात मिळते ती नको, हे कुठलं शहाणपण? तू गप्प बसायचीस. तुझं गप्प बसणं म्हणजे हार नव्हे, हे मला ठाऊक होतं. म्हणून अजूनच चिडायचे.

तुझ्या ऑफिसशेजारच्या शोरूममधल्या तिवारीजींनी तुला पहिल्यांदा सरळ सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत तू त्यांच्याकडे जाऊन बसली होतीस आणि मी तुला न्यायला आले होते. ते म्हणाले, दीदी, कोई रोक नहीं है. कोई लाता नहीं है, बस. नवं मॉडेल आणायचं तर आधी इथल्या नियमांप्रमाणे त्याची तपासणी, मंजुरी. मग पार्ट साठवायचे, कारागीर शिकवायचे. हा सगळा खटाटोप कंपनी तेव्हा करते, जेव्हा घेणारे दिसतात. आणि अशा गाडीला असे घेणारे कितने होंगे?

तू म्हणालीस, ‘एक.’

तिवारीजी हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि टेबलावरचा पेन नीट ठेवला. येताना तू मागून मला म्हणालीस, मनाई असती तर भांडता आलं असतं शुभा, नुसतं कुणी आणतच नाही म्हटल्यावर भांडायचं कुणाशी. त्या दिवशी मला तुझी दया आली. आज त्या दयेची लाज वाटते.

एक मेळा मात्र मला राहून राहून आठवतो. एका स्टॉलवरचा मुलगा भलताच उत्साही होता. तो म्हणाला, आ रही है मैडम, अगले मेले तक पक्का, आमच्या साहेबांनी स्वतः सांगितलंय. मी आनंदानं तुझा हात धरला. आणि तू, ताई, तू खूश झाली नाहीस. थँक्यू म्हणालीस, मोबाईल पर्समध्ये टाकलास. मेळ्यातला तो ताटाएवढा पापड न खाता आपण कधी परतलो नव्हतो. त्या दिवशी चल घरी म्हणालीस. वाटेत आरशात पाहिलं तर तू रस्त्याकडे बघत होतीस. मला वाटलं, थकली असेल. पुढच्या मेळ्यात ती गाडी अर्थातच आली नव्हती आणि तू पुन्हा पहिल्यासारखी तरतरीत, स्टॉल ते स्टॉल, क्यों नहीं आती.

या वर्षी मेळा उभा राहायच्या आतच तू पडलीस. साधा ताप, तो छातीत उतरला. आयसीयूच्या बाहेर मी बसून होते. आत सोडलं तेव्हा तोंडावरचा मास्क बाजूला करून तू विचारलंस, ‘गाडी कुठं लावलीस? उघड्यावर नको ठेवू, सीटवर दव पडतं.’ मी म्हटलं, शेडखाली आहे, तू परेशान नको होऊस. आपलं शेवटचं नीट बोलणं ते. आयुष्यभर इतकं बोललो आणि शेवटी सीट आणि दव. मी त्यानंतरही आत येऊन खूप बोलले, पण तू ऐकत होतीस की नाही, मला सांगता येत नाही.

तर गाडी उजवीकडे ओढते म्हणून परवा मी ती सलीमभाईंकडे नेली. त्यांनी चाकं फिरवून पाहिली, हँडल पाहिलं, पुढचे शॉकअप दाबून पाहिले. मग स्वतः बसून चौकापर्यंत फेरी मारून आले. सरळ गेले, सरळ आले. म्हणाले, आता तुम्ही चालवून दाखवा. मी दाखवली. परत आले तर ते हातातलं फडकं पिळत उभे होते.

‘गाड़ी सीधी है दीदी,’ ते म्हणाले. ‘आप टेढ़ी बैठती हैं.’

ताई, तू नेहमी एका अंगावर बसायचीस, दोन्ही पाय डावीकडे, त्यात तो लोखंडी पाय. गाडी डावीकडे झुकू नये म्हणून मी उजवीकडे कलून बसायला शिकले असेन; कधी शिकले, मला कळलंही नाही. तुझं वजन गेलं आणि मी तशीच कललेली राहिले. तिथं, त्या ऑइलच्या वासात, पान्ह्यांच्या पसाऱ्यात, मला पहिल्यांदा हुंदका आला. सलीमभाईंनी स्टूल दिलं. आणि मी रडता रडता, काहीतरी बोलायचं म्हणून, जे वर्षानुवर्षं बोलायचे तेच बोलले. म्हटलं, एकदा तरी चालवायची होती हो तिला. तुमच्या चाकांची गाडी घेतली असती तर चालवली असती, पण ऐकलं नाही.

सलीमभाई पान्हे गोळा करू लागले. मग हळूच म्हणाले, दीदीने तो चलाई थी.

मला आधी कळलंच नाही. त्यांनी सांगितलं ते असं. बरीच वर्षं झाली त्याला, मी पुन्हा घराबाहेर पडू लागले होते त्या सुमाराची गोष्ट. कुणा गिऱ्हाइकाची जादा चाकांची स्कूटर तयार होऊन उभी होती. तू जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून आलीस आणि एकदा बसून पाहू का, असं विचारलंस. ते तुला मेळ्याच्या मैदानावर घेऊन गेले. मेळा नसला की ते मैदान रिकामं असतं, अर्धं गाव तिथंच गाडी शिकतं. पहिली फेरी ते शेजारून चालत आले. दुसऱ्या फेरीला तू त्यांना थांबायला सांगितलंस. मग तू थांबेचनास. बंद दुकानांच्या रांगांमधून फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिलीस, पदर कमरेला खोचून. ते म्हणाले, दीदी हँस रही थीं. मी त्यांना मध्येच तोडून विचारलं, मोठ्यानं? ते म्हणाले, हां, ज़ोर से.

उतरल्यावर त्यांनी तुला म्हटलं, ले लो दीदी, महिनाभरात बनवून देतो. आणि तू जे उत्तर दिलंस ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, मान खाली घालून, जणू त्यांचाच गुन्हा होता.

‘मैं चलाने लगी तो शुभा फिर घर में बैठ जाएगी.’

कुणाला सांगू नका, असं तू बजावलं होतंस. त्यांनी नाही सांगितलं. तू गेलीस म्हणून बोलले.

मी घरी कशी आले, आठवत नाही. आल्यावर आधी तुझ्या खोलीत जाऊन भांडले. हो, मोठ्यानं. कुशवाह भाभींनी ऐकलं असेल. म्हटलं, मला विचारलंस? माझ्यावर उपकार करायला तुला कुणी सांगितलं होतं? रोज सकाळी पावणेदहाला मी तुझ्यासाठी राबते म्हणून धुसफुसत गाडी काढायचे, आणि तू मागे बसून मला बाहेर काढत होतीस. तो रिक्षावाला तरी खरंच गावी गेला होता का गं? आता कुणाला विचारू? आणि इतकी मजा आली होती तर घ्यायचीस ना ती गाडी. मी बसले असते घरात चार दिवस, आठ दिवस, पुढे काहीतरी झालं असतं. काय झालं असतं, ते मला नाही माहीत. तुला माहीत होतं का?

आणि ती इटलीची. आ रही है म्हटल्यावर तू का गप्प झालीस, ते आता समजतं. जी येणारच नाही ती मागत राहण्यात धोका नव्हता. ती खरोखर आली असती तर तुला ठरवावं लागलं असतं. की तसंही नव्हतं, आणि तुला ती खरंच, मनापासून, हवी होती? एवढं एक सांगायला हवं होतंस. साडी गार्डवरून त्या मुलाला बोललीस तेव्हा तुझा आवाज कापला होता, ते काही नाटक नव्हतं. दोन्ही खरं असेल. तुझ्यात नेहमीच दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असायच्या आणि मी त्यातली एकच पकडून भांडायचे.

भांडून झाल्यावर तुझ्या पलंगावर बसले. खोलीत तेलाचा आणि कॅलिपरच्या चामडी पट्ट्यांचा वास अजून आहे. कॅलिपर भिंतीशी उभा ठेवलाय, पायासकट असावा तसा, वाकलेला. दुपारी कधी कधी फरशीवर त्याचा आवाज ऐकू येतो. मी आता उठून बघायला जात नाही. येऊ दे आवाज. तू एवढी वर्षं ऐकलीस माझी कटकट, मी तुझं एवढं ऐकीन. तुझे आभार मानायचे म्हटलं तर शब्द ओठांपाशी येऊन राग होतात. तरी मानते. मला पडद्यामागून ओढून बाहेर काढलंस, आणि वर मलाच थोरपण दिलंस की मी बहिणीचं करते. हे तुझ्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

काल मेळा सुरू झाला. संध्याकाळी मी गेले. काही काम नव्हतं, कुणाला सोडायचं नव्हतं, आणायचं नव्हतं. वाटेत दोनदा स्वतःला सरळ करावं लागलं. गेटपाशी गाडी लावून गाड्यांच्या मांडवात शिरले तर पाय आपोआप हळू पडत होते, तुझ्या चालीनं. पहिल्याच स्टॉलवर तुझा तो व्हिडिओ काढून दाखवला. मुलगा नवा होता. त्यानं कौतुकानं पाहिला आणि नेहमीचं वाक्य बोलला. क्यों नहीं आती, हे मात्र माझ्या तोंडून निघेना. तो तुझाच प्रश्न, माझ्या आवाजात खोटा वाटला असता. मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

त्याला वाटलं, गिऱ्हाईक हातचं जातंय. तो लगबगीनं इथल्या गाड्या दाखवू लागला, ही हलकी, ही उंचीला कमी. सीटवर हात फिरवत त्यानं विचारलं, ‘आपके पीछे कौन बैठता है मैडम? उसी हिसाब से दिखाऊँ.’

मी मागे पाहिलं, ताई. खरंच पाहिलं. मग त्याला म्हटलं, ‘कोई नहीं. अकेली चलाती हूँ.’

तो बरं म्हणाला आणि मला पुढच्या गाडीकडे घेऊन गेला.